देवराईतील मोजकी झाडे, दुरून येणारे पराग आणि पुढच्या पिढीची जनुकीय विविधता

प्रश्न : रानसाद (संगमेश्वर)

सर्वांना नमस्कार. आमच्या गावच्या देवराईचे क्षेत्र आता जेमतेम दोन एकर उरले आहे. राईत बेहडा, बकुळ, सुरंगी आणि सातवीण यांची जुनी, भव्य झाडे आहेत. परंतु कोणत्याही एका जातीची मोठी झाडे मोजायला गेले तर ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच भरतात. राईच्या तीन बाजूंना आंबा-काजूच्या बागा आहेत आणि चौथ्या बाजूने डांबरी रस्ता जातो. सर्वांत जवळची दुसरी देवराई डोंगरापलीकडे, शेजारच्या गावात आहे. आमची झाडे फुलतात, फळतात, पावसाळ्यात त्यांच्या बुंध्याशी बारीक रोपेही दाट उगवतात, मात्र मनगटाएवढ्या किंवा मांडीएवढ्या जाडीची तरुण झाडे राईत जवळजवळ दिसत नाहीत.

ग्रामस्थांनी राईतील मोकळ्या जागी आणि लगतच्या देवस्थानच्या पडीक जमिनीत राईतल्याच जातींची रोपे लावायचे ठरवले आहे. बेहड्याचे बी देवळामागच्या एका मोठ्या झाडाखाली भरपूर मिळते, म्हणून सगळी रोपे त्याच बियांची करावीत, असा बहुतेकांचा विचार होता. वनखात्यातून निवृत्त झालेल्या एका परिचितांनी त्याला हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की, एका झाडाच्या बियांवर उभी केलेली राई पुढे आपसांतच फळते आणि दोन-तीन पिढ्यांत खुरटते. त्यावर दुसऱ्या एका जाणकारांनी सांगितले की, मधमाश्या, वटवाघळे आणि पक्षी कितीतरी दूरवरून पराग आणतात, त्यामुळे राई लहान असली तरी झाडांचा बाहेरच्या झाडांशी संबंध तुटत नाही आणि ही काळजी अनाठायी आहे.

दोन्ही माणसे अभ्यासू आहेत आणि दोघांवरही आमचा विश्वास आहे. रानाचे तुकडे पडल्यावर झाडांच्या जनुकीय विविधतेचे नेमके काय होते आणि रोपे करताना आम्ही काय सांभाळावे, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

उत्तर : वनजा (बंगळूर)

पराग दूरवर जातात हे खरे आहे, आणि तरीही लहान राईतील झाडे पुष्कळदा नात्यातच फळतात हेही खरे आहे. ही दोन विधाने एकाच वेळी खरी कशी असू शकतात, ते कोडगूत झालेल्या एका संशोधनातून फार स्पष्टपणे कळते. आपली परिस्थिती त्या प्रदेशाशी पुष्कळ मिळतीजुळती आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

कोडगू जिल्ह्यात देवराईला देवरकाडू म्हणतात. तेथे अशा बाराशेच्या आसपास राया आहेत आणि त्यांतील बहुतेक लहान असून कॉफीच्या मळ्यांमध्ये विखुरलेल्या आहेत. या रायांत आणि मळ्यांत डायसॉक्सिलम मलाबारिकम हा उंच वृक्ष आढळतो. तो कडुनिंबाच्या कुळातला असून फक्त पश्चिम घाटातच सापडतो. त्याच्या लाकडासाठी त्याची मोठी तोड झाली आणि आज तो संकटग्रस्त गणला जातो. झुरिकच्या तंत्रविज्ञान विद्यापीठातील साशा इस्माईल, जाबुरी गझूल आणि ख्रिस केटल यांनी रविकांत, कुशालप्पा आणि उमा शंकर या भारतीय संशोधकांसोबत २१६ चौरस किलोमीटरच्या परिसरात या वृक्षाचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यांनी मोठ्या झाडांच्या आणि रोपांच्या डीएनएमधील अकरा ठिकाणे तपासली. या ठिकाणी डीएनएची लहान अक्षरमाला पुन्हा पुन्हा येते आणि तिची पुनरावृत्ती किती वेळा होते हे झाडागणिक बदलते, त्यामुळे अशा अकरा ठिकाणांचा मेळ घातला की प्रत्येक झाडाची स्वतंत्र ओळख पटते. बी कोणत्या झाडाखालून गोळा केले हे माहीत असते, म्हणजे आई ठाऊक असते. बियांतील उरलेला अर्धा वारसा ज्या झाडाशी जुळतो ते वडील. दोघांमधले अंतर नकाशावर मोजले की पराग किती लांबून आला हे कळते.

या मोजणीतून एक गोष्ट अशी दिसली की, मळ्यात अगदी एकटे उभे असलेले झाड जनुकीय दृष्टीने मुळीच एकाकी नसते. अशा झाडांना पाच किलोमीटरहून अधिक अंतरावरचे आणि निरनिराळ्या वडिलांचे पराग वारंवार मिळत होते. आपल्या दुसऱ्या परिचितांचे म्हणणे येथे पूर्णपणे खरे ठरते. मात्र ज्या रायांत त्या जातीची मोजकीच झाडे उरली होती, तेथील चित्र वेगळे होते. दाट राईतील झाडांच्या तुलनेत या विरळ रायांतील झाडांचा संकर जवळच्याच झाडांशी अधिक होत होता आणि असे आई-वडील एकमेकांच्या अधिक नात्यातले होते. म्हणजे सर्वांत वाईट अवस्था एकट्या झाडाची नव्हती, तर विरळ राईत दोघा-चौघांनी उभ्या असलेल्या झाडांची होती.

याचे कारण बियांच्या प्रवासात आहे. जड बी बहुधा आईच्या आसपासच पडते. ते दूर नेणारे धनेशासारखे मोठे पक्षी कमी झाले की आईभोवती तिचीच मुले वाढतात, त्यामुळे रानात शेजारी उभी असलेली झाडे पुष्कळदा भावंडेच असतात. रान सलग असते तेव्हा या भावंडांच्या सभोवती परक्या कुळांची झाडेही असतात आणि परागांची सरमिसळ होते. रान तुटते, तोड होते आणि राईत तीन झाडे शिल्लक राहतात, तेव्हा ती तिन्ही एकाच आईची असण्याचा संभव मोठा असतो. कीटकाला जवळचे फूल सोडून दूर जाण्याचे कारण नसते, म्हणून तो भावंडांमध्येच पराग फिरवत राहतो. एकट्या झाडावर येणाऱ्या कीटकाला मात्र जवळचे दुसरे झाडच नसते आणि तो जो पराग आणतो तो लांबचा असतो.

नात्यात फळण्याचा परिणाम केवळ कागदावर राहत नाही. प्रत्येक झाडात काही घातक जनुकरूपे दडलेली असतात. जोडीतील दुसरे रूप निरोगी असेल तर ती प्रकट होत नाहीत. आई-वडील नात्यातले असले की बियांत दोन्हीकडून तेच घातक रूप येण्याची शक्यता वाढते. याच गटाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विरळ आणि दाट रायांतून गोळा केलेल्या बियांची २९७ रोपे रोपवाटिकेत वाढवून तपासली. विरळ रायांत नात्यातील झाडांच्या संकरातून आलेली रोपे वाढीत मागे पडली. सर्वांना माती, पाणी आणि सावली सारखीच मिळत होती, त्यामुळे हा फरक जन्मतःचा होता.

मात्र त्याच अभ्यासातील दुसरी बाजू आपल्यासाठी तितकीच महत्त्वाची आहे. ज्या रायांवरचे पानांचे छत विरळ झाले होते आणि जेथे उजेडात भराभर वाढणारी झाडे शिरली होती, तेथे या सावलीप्रिय वृक्षाची रोपे टिकण्यास योग्य जागाच कमी झाली होती. आपल्या राईत मांडीएवढी झाडे का नाहीत, याचे उत्तर शोधताना ही दोन्ही कारणे एकत्र पाहावी लागतील. केवळ डीएनएकडे बोट दाखवणे अपुरे ठरेल.

उत्तर : सह्यपुत्र (पुणे)

वनजाताईंनी फार चांगले लिहिले आहे, तरी जनुकीय ऱ्हासाची भीती सरसकट बाळगू नये असे माझे मत आहे. जगातील उष्ण कटिबंधीय रानांतून आलेले काही पुरावे याच्या उलट दिशेचे आहेत आणि ते समोर असल्याशिवाय निर्णय घेणे बरोबर होणार नाही.

होंडुरासमध्ये प्रशांत किनाऱ्याकडच्या महोगनीच्या एका जातीचा अभ्यास झाला. तेथील शुष्क जंगलाचे लहान तुकडे पडले आहेत आणि काही झाडे कुरणांत एकटी राहिली आहेत. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात अशा एका झाडापर्यंत साडेचार किलोमीटरहून अधिक अंतरावरून पराग आल्याचे आढळले. तुकडे लहान होत गेले तसे बाहेरून येणाऱ्या परागांचे प्रमाण उलट वाढले.

ब्राझीलमध्ये मनाउसच्या उत्तरेला १९७९ पासून अॅमेझॉनच्या रानाच्या तुटलेल्या तुकड्यांवर दीर्घकालीन अभ्यास चालू आहे. टॉमस लव्हजॉय यांनी तो सुरू केला. तेथे क्रिस्टोफर डिक यांनी डिनिझिया एक्सेल्सा या प्रचंड वृक्षाचे बी तपासले. कुरणांत आणि तुकड्यांत उरलेल्या झाडांना सलग जंगलातील झाडांच्या तिपटीहून अधिक बी धरत होते, आणि पराग ३.२ किलोमीटर कुरण ओलांडून आल्याची नोंद झाली. हे काम तेथील मूळचे कीटक करत नव्हते. १९५६ मध्ये ब्राझीलमध्ये आणलेल्या आणि पुढे सगळीकडे पसरलेल्या आफ्रिकी मधमाश्यांनी ते आपल्याकडे घेतले होते. पुढच्या एका विश्लेषणात परागाचे सरासरी अंतर कुरणात सुमारे दीड किलोमीटर, तर सलग जंगलात सुमारे दोनशे मीटर निघाले. रान तुटल्याने परागांचा प्रवास येथे सातपटीने लांबला. प्रत्येक ठिकाणी असेच घडेल असे मी म्हणत नाही, कारण सगळे काही परागवाहक कोण आहे यावर अवलंबून असते. उंबर-वडाच्या कुळातील झाडांचा पराग वाहणारी अगदी बारीक गांधीलमाशी वाऱ्यावर वाहत जाते. पनामात तिने पराग १० किलोमीटरहून अधिक अंतरावर नेल्याचे सिद्ध झाले आहे. अशा झाडांच्या बाबतीत दोन एकरांची राई ही वेगळी वस्तीच नसते. ती शेकडो चौरस किलोमीटरवर पसरलेल्या एका मोठ्या वस्तीचा भाग असते.

आणखी एक मुद्दा काळाचा आहे. आज राईत उभी असलेली मोठी झाडे शंभर-दोनशे वर्षांपूर्वीच्या, सलग रानात झालेल्या संकरातून जन्मलेली आहेत. त्यांची विविधता त्या जुन्या रानाची आहे. म्हणून केवळ मोठी झाडे तपासून ‘विविधता शाबूत आहे’ असे म्हणता येत नाही, आणि त्याच कारणाने ‘सगळे संपले’ असेही म्हणता येत नाही. जोपर्यंत ही झाडे उभी आहेत तोपर्यंत त्यांच्यात साठलेली विविधता पुढे नेण्याची संधी शिल्लक असते. ज्या झाडांना फळे येतात पण ज्यांच्या पोटी पुढची पिढी उभी राहत नाही, अशा झाडांना डॅनियल जान्झेन यांनी ‘जिवंत मृत’ म्हटले होते. त्यांच्या या शब्दाने पुष्कळ लोक निराश झाले आणि कुरणांतील व शेतांतील एकटी झाडे कुणी मोजेनासे झाले. परागांच्या या पुराव्यांनी त्या झाडांचे महत्त्व पुन्हा दाखवून दिले, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

रानसाद यांनी वर्णन केलेल्या राईत तरुण झाडे नसण्यामागे मला गुरांची चराई, उत्सवापूर्वीची झाडलोट आणि देवळाभोवतीचे सिमेंट ही कारणे अधिक दाट वाटतात. पाला-पाचोळ्यासकट रोपे दरवर्षी साफ केली जात असतील, तर उत्तम जनुकांची रोपेही त्यात जातील.

उत्तर : वनजा (बंगळूर)

सह्यपुत्र यांच्या झाडलोटीच्या मुद्द्याशी मी सहमत आहे. मात्र दूरचा पराग येतो एवढ्यावरून निश्चिंत होणे मला पटत नाही, आणि त्याचे कारण कोस्टारिकातील एक अभ्यास आहे. तेथे सिम्फोनिया ग्लोबुलिफेरा या झाडाचे काही वृक्ष कुरणात उरले होते आणि आसपास रानाचे छोटे तुकडे होते. कुरणातील झाडांना भरपूर फुले आणि फळे येत, वटवाघळे त्यांचे बी रानाच्या तुकड्यांत नेऊन टाकत, आणि वरवर पाहता सगळे उत्तम चालले होते. तुकड्यांतील रोपांची संख्याही चांगली होती. ऑल्ड्रिच आणि हॅम्रिक यांनी १९९८ मध्ये दाखवले की, ही बहुसंख्य रोपे कुरणातील अगदी मोजक्या झाडांची संतती होती आणि त्या झाडांत स्वतःच्याच परागाने फळण्याचे प्रमाण वाढलेले होते. रानात रोपे दाट होती, पण त्यांचे आई-बाप थोडे होते.

म्हणून पराग किती लांबून आला यापेक्षा किती निरनिराळ्या झाडांचा वारसा पुढच्या पिढीत उतरला, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. परागाने अर्धाच वारसा येतो. उरलेला अर्धा आईचा असतो आणि तो बी हलल्याशिवाय हलत नाही. आपण रोपवाटिकेत एकाच झाडाचे बी पेरतो तेव्हा कोस्टारिकातील त्या कुरणात जे आपोआप घडले, ते आपण स्वतःच्या हाताने घडवतो.

प्रतिसाद : रानसाद (संगमेश्वर)

वनजाताई आणि सह्यपुत्र, दोघांचेही मनापासून आभार. झाडलोटीबद्दल आपण लिहिले ते आमच्याकडे खरोखरच होते. उत्सवाच्या आधी संपूर्ण राई झाडून काढली जाते, हे मी ग्रामसभेत मांडणार आहे.

आता प्रत्यक्ष कामाबद्दल विचारतो. बी किती झाडांचे घ्यावे? आमच्या राईत एखाद्या जातीची चार-पाचच झाडे असतील तर काय करावे? झाडांचे डीएनए तपासून घेणे आवश्यक आहे का? तो खर्च ग्रामस्थांना झेपणारा नाही. केरळमधील एका रोपवाटिकेतून काही जातींची तयार रोपे मिळू शकतात, ती आणली तर विविधता वाढेल का?

उत्तर : गावकर (दोडामार्ग)

रानसाद, मी अनेक वर्षे रानातील झाडांची रोपे करत आलो आहे, म्हणून कामाच्या बाजूने लिहितो.

एका झाडाचे बी कितीही गोळा केले तरी त्याची मर्यादा ठरलेली आहे. समजा, त्या बेहड्याखालून आपण हजार बिया वेचल्या आणि प्रत्येकीचे वडील निरनिराळे व परक्या कुळाचे निघाले, म्हणजे यापेक्षा चांगले काही घडूच शकत नाही. तरी त्या सर्व बिया एकमेकींची सावत्र भावंडे असतात, कारण आई एकच. अनुवंशशास्त्राचे गणित सांगते की, अशा हजार रोपांची प्रभावी संख्या, म्हणजे विविधता टिकवण्याच्या दृष्टीने त्यांचे खरे बळ, चार झाडांपेक्षा जास्त भरत नाही. सगळ्यांचे वडीलही एकच निघाले तर ते दोनवर येते. याउलट, एकमेकांच्या नात्यात नसलेल्या दहा झाडांचे बी सारख्या प्रमाणात घेतले तर ही संख्या चाळीसपर्यंत जाऊ शकते, आणि पंचवीस झाडांचे घेतले तर शंभरापर्यंत. पिढीगणिक गळती किती होते तेही यावरून कळते. प्रभावी संख्या चार असेल तर दर पिढीला उरलेल्या विविधतेचा आठवा हिस्सा जातो. पन्नास असेल तर शंभरावा. आपल्या निवृत्त परिचितांनी जे अनुभवाने सांगितले, त्यामागे हेच गणित आहे.

त्यामुळे प्रत्येक जातीच्या किमान पंधरा-वीस मातृवृक्षांचे बी मिळवण्याचा प्रयत्न करावा, आणि दोन मातृवृक्षांमध्ये शक्यतो शंभर मीटरचे तरी अंतर असावे, कारण अगदी शेजारची झाडे भावंडे असण्याचा संभव असतो. एका राईत एवढी झाडे मिळणार नाहीत हे उघड आहे. म्हणून डोंगरापलीकडच्या देवराईतील, काजूच्या बागांतील, बांधांवरील, वहाळाकाठची आणि रस्त्याकडेची झाडे यादीत घ्यावीत. वनजाताईंनी कोडगूच्या एकट्या झाडांबद्दल लिहिले आहे ते वाचून मला विशेष आनंद झाला. बागेत एकट्या राहिलेल्या बेहड्याच्या बियांत निरनिराळ्या वडिलांचे पराग असू शकतात, म्हणून अशा झाडाचे बी आवर्जून घ्यावे. ही झाडे मात्र फार वेगाने जात आहेत. कोडगूतही कॉफीच्या मळ्यांतील मूळची सावलीची झाडे जाऊन त्यांच्या जागी सिल्व्हर ओक येत आहे, कारण तो लवकर वाढतो आणि तोडायला परवानगीचा त्रास कमी. आपल्याकडे काजूची लागवड वाढली तेव्हा तेच झाले. बागायतदारांशी बोलून त्यांच्या बागेतील एक-दोन जुनी झाडे राखली गेली, तर चार रायांमधला संबंध टिकतो.

नर आणि मादी झाडे वेगळी असणाऱ्या जातींत ही अडचण आणखी वाढते. बारा झाडे आहेत असे वाटते, पण त्यांतील दहा नर आणि दोनच माद्या असतील तर त्या बारांची प्रभावी संख्या सातही भरत नाही. आमच्या तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथे मायरिस्टिकाची, म्हणजे जायफळाच्या कुळातील झाडांची दलदल आहे. ती आता जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाली आहे. गोव्यात सत्तरी तालुक्यातील निरंकाराची राईही अशाच झाडांची आहे. या कुळात नर-मादी झाडे वेगळी असतात, जागा पाणथळ आणि अगदी छोटी असते, आणि बी मोठे असल्यामुळे ते हलवायला धनेशासारखा पक्षीच लागतो. अशा जागेतील प्रत्येक मादी झाडाची किंमत शंभर रोपांपेक्षा अधिक आहे, असे मी मानतो. कोकमाच्या बाबतीत तर लोक नर झाड फळत नाही म्हणून तोडतात आणि नव्या लागवडीत ‘कोकण अमृता’सारख्या वाणांची कलमे लावतात. बागेसाठी ती उत्तम आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एका वाणाची सर्व कलमे जनुकीय दृष्टीने एकच झाड असतात, म्हणून देवराईत कलमे लावू नयेत. तेथे निरनिराळ्या रातांब्यांच्या बियांचीच रोपे लावावीत आणि नर झाडे राखावीत.

डीएनए तपासणीची मुळीच आवश्यकता नाही. त्याऐवजी प्रत्येक मातृवृक्षाला क्रमांक द्यावा, त्याचे ठिकाण वहीत लिहावे आणि प्रत्येकाचे बी वेगळ्या वाफ्यात पेरावे. कोणत्या आईचे किती बी रुजले आणि वर्षभरात रोपे किती वाढली याची नोंद ठेवली की पुष्कळ गोष्टी समोर येतात. एखाद्या झाडाचे बी सातत्याने कमी रुजत असेल आणि रोपे फिकट, खुरटी निघत असतील, तर ते झाड नात्यात किंवा स्वतःच्याच परागाने फळत असण्याची शंका घ्यावी. अर्थात बी अपक्व होते का, किडके होते का, लहान होते का, हे आधी पाहिले पाहिजे, कारण त्यानेही तोच परिणाम दिसतो. लावणीच्या वेळी मात्र सर्व वाफ्यांतील रोपांची सरमिसळ करावी; एका आईची रोपे एका ओळीत लावली तर पुढे तीच भावंडे पुन्हा शेजारी-शेजारी येतील.

आणखी एक सूचना आहे. सदाहरित रानातील पुष्कळ झाडांचे बी सुकले की मरते. ते पोत्यात भरून पुढच्या हंगामासाठी ठेवता येत नाही, वेचल्यानंतर थोड्याच दिवसांत पेरावे लागते. त्यामुळे सोयीच्या एका दिवशी मिळेल ते बी गोळा करण्याची पद्धत पडते आणि त्या दिवशी ज्या एक-दोन झाडांना फळ असते त्यांचेच बी येते. हे टाळण्यासाठी हंगामात तीन-चार वेळा फेरी करावी, आणि एका वर्षी न फळलेल्या झाडांचे बी पुढच्या वर्षी घ्यावे. सगळी लागवड एकाच पावसाळ्यात उरकण्याची घाई करू नये.

उत्तर : वनजा (बंगळूर)

गावकरकाकांनी कामाचे सगळेच सांगितले आहे. केरळमधून रोपे आणण्याचा प्रश्न तेवढा राहिला.

विविधता वाढवायची म्हणजे कोठूनही आणलेले बी चालेल असे नाही. पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडे कोरडा काळ अवघा दोन-तीन महिन्यांचा असतो आणि उत्तरेकडे तो वाढत जाऊन आपल्या कोकणात सात-आठ महिन्यांचा होतो. एकाच जातीची झाडे या दोन टोकांना पिढ्यानपिढ्या वेगवेगळ्या हवामानाशी जुळत आलेली असतात. फुलण्याचा काळ, पालवीचा काळ, दुष्काळ सोसण्याची ताकद यांत फरक असू शकतो. दक्षिणेतील रोप आपल्याकडे चार-पाच पावसाळे चांगले वाढेल आणि एखाद्या कडक उन्हाळ्यात जाईल. ते जगले आणि स्थानिक झाडांशी त्याचा संकर झाला, तर स्थानिक जुळवणीही बिघडू शकते. शिवाय रोपवाटिकेतील तयार रोपे किती मातृवृक्षांची आहेत हे बहुधा कुणीच सांगू शकत नाही. तीही एकाच झाडाची असू शकतात.

माझ्या मते आपल्याच तालुक्यातील आणि लगतच्या तालुक्यांतील, साधारण तीस-चाळीस किलोमीटरच्या आतील आणि त्याच उंचीवरील रायांशी बियांची देवाणघेवाण करावी. त्यांची झाडे एकेकाळी एकाच सलग रानाचा भाग होती, म्हणून त्यांच्यात हवामानाची जुळवणी सारखी आणि कुळे वेगळी मिळण्याची शक्यता सर्वाधिक आहे. प्रत्येक गावाने आपल्या राईतील बी दुसऱ्या चार गावांना द्यावे आणि त्यांचे आपण घ्यावे. धनेश पूर्वी जे काम करत असे त्यातील थोडे तरी यामुळे होईल.

सह्यपुत्र यांच्या सूचनेप्रमाणे राईच्या एका भागात झाडलोट आणि चराई पूर्ण थांबवता आली, तर तेथे आपोआप आलेल्या रोपांचीही नोंद ठेवावी. त्यांतील काही रोपे आज राईत मोठे झाड नसलेल्या जातींची निघाली, तर पक्षी आणि वटवाघळे अजून बाहेरचे बी आणत आहेत असे समजावे. अशी रोपे उपटू नयेत आणि त्यांच्या जागी रोपवाटिकेतील रोप लावू नये.

प्रतिसाद : रानसाद (संगमेश्वर)

सर्वांचा ऋणी आहे. देवळामागच्या बेहड्याचे बी आम्ही घेऊच, परंतु ते एकूण रोपांच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त होऊ देणार नाही. शेजारच्या गावच्या मानकऱ्यांशी बोलणे झाले असून त्यांनी त्यांच्या राईतून बी वेचू देण्यास संमती दिली आहे. त्यांनी बदल्यात आमच्या सुरंगीचे बी मागितले आहे. काजूच्या बागांतील जुन्या झाडांची यादी करण्याचे काम शाळेच्या मुलांनी अंगावर घेतले आहे. यादी तयार झाली की ती येथे देतो. कोणती झाडे मातृवृक्ष म्हणून निवडावीत याबद्दल गावकरकाकांचा सल्ला तेव्हा पुन्हा लागेल.